जनूकाकांचा बारावा फोटो

निर्मळच्या जनार्दन राऊतांच्या घरातून कुठलीही वस्तू न धुता बाहेर जात नसे. वाडीतली केळी आणि अळूची पानं तर सोडाच, पण शेजाऱ्याकडून मागून आणलेली शिडी परत करतानासुद्धा ते ती बावखलात बुचकळायचे, काथ्याने घासायचे, उन्हात वाळवायचे आणि मगच पोचती करायचे. बावखल म्हणजे वाडीतलं छोटं तळं. वसईतल्या जुन्या वाड्यांचं सगळं शिंपणं-धुणं त्याच्यावरच चालायचं. शेजारी म्हणायचा, "जनूकाकांकडे शिडी दिली की झिजून परत येते." काका हसायचे नाहीत. "आपल्या घरातून जाणारी वस्तू आहे," म्हणायचे, "चांगली दिसायला नको?"

या एका वाक्याने माझं जेवढं डोकं फिरवलं तेवढं दुसऱ्या कशानेही फिरवलं नाही.

माझा माणिकपूरला फोटो स्टुडिओ. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी कोकणातून येऊन तो थाटला तेव्हा मुख्य धंदा पासपोर्ट साइजचा होता. शाळा, रेशन कार्ड, नोकरीचे अर्ज, झालंच तर लग्न जमवायला पाठवायचे फोटो. दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. एक पासष्टीचे गृहस्थ सायकल भिंतीला लावून आत आले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, केस पाणी लावून बसवलेले. काउंटरवर त्यांनी काडेपेटी ठेवली आणि अदबीने उघडली. आत ओल्या कापसावर एक काळा किडा निजवलेला होता, तांदळाच्या दोन दाण्यांएवढा.

"याचा फोटो हवा," ते म्हणाले. "समोरून एक, बाजूने एक."

मी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग किड्याकडे. पुढे काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, "हा इतका चकचकीत कसा?"

"साबणाने धुतलाय," काका म्हणाले.

धुण्यात त्याचे तीन पाय आणि पुढची सोंड गेली होती. ती सोंडच किड्याची ओळख होती, हे मला पुढे चार महिन्यांनी कळलं. त्या दिवशी मात्र मला गंमत वाटली. मी स्टूल दिलं, चहा मागवला आणि काकांनी सगळी हकिगत सांगितली.

त्यांच्या वाडीत राजेळी होती. बाजारात रोज मिळते ती केळी नव्हे. राजेळीचं फळ लांब, जाड सालीचं. ते सोलून उन्हात सुकवलं की त्याची सुकेळी होतात, मधासारखी गोड आणि चिवट. वसईबाहेर फार कुणाला माहीत नाहीत, आणि वसईतही राजेळी लावणारे तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते. काकांच्या वाडीतले कंद त्यांच्या आजोबांच्या वेळचे. जुन्या झाडाचा फुटवा काढून नवा लावायचा, असं तीन पिढ्या चाललेलं. त्या पावसाळ्यापासून झाडांची पानं पिवळी पडत होती आणि घड धरलेलं झाड जरा वारा आला की कमरेत मोडून पडत होतं.

औषधाच्या दुकानदाराने न बघताच सांगितलं होतं की हा व्हायरस आहे, सगळं उपटून जाळा. काकांचा मुलगा विलास मुंबईत बँकेत होता. त्याचंही तेच म्हणणं. शिवाय त्याने हेही सांगून ठेवलं होतं की होळीपर्यंत काही निदान झालं नाही तर तो स्वतः माणसं लावून वाडी मोकळी करणार, आणि पुन्हा केळ लावणार नाही, नारळ लावणार. "त्याचंही चूक नाही," काका म्हणाले. "पण उपटली की कंद गेले. मग आणायचे कुठून?"

गावातल्या मेळाव्यात कुणीतरी वाटलेलं एक पत्रक त्यांनी खिशातून काढलं. चार घड्या, चारही सरळ. कृषी विद्यापीठातले कीडतज्ज्ञ साहेब नमुना आणि फोटो पाहून टपालाने निदान कळवतात, असं त्यावर छापलं होतं. काकांचा त्या साहेबांवर पूर्ण विश्वास बसला होता. ते त्यांना कधी भेटले नव्हते, नावही धड माहीत नव्हतं. "शिकलेला माणूस आहे," म्हणायचे, "बघितल्याबरोबर सांगेल."

बघू दिलं असतं तर.

माझ्याकडे इतकं बारीक टिपणारं भिंग नव्हतं. किड्याचा फोटो आला तो जांभळाच्या बीचा असावा असा. मीच सुचवलं की किडाच पाठवा, पाकिटात घालून, आणि एक रोगट पान पाठवा. काकांनी वाडीतलं त्यातल्या त्यात बरं पान निवडलं. कळकट पान साहेबांच्या टेबलावर कसं ठेवायचं? ते बावखलात धुतलं, दुसऱ्या हिरव्या पानात गुंडाळलं, केळीच्या सोपटाने बांधलं आणि वर पाण्याचा हबका मारला. दादरच्या बाजारात फुलं पाठवताना त्यांच्याकडे असंच बांधायचे, ती ताजी राहतात म्हणून. पण फुलं चार तासांत पोचतात. आमचं पार्सल पोचायला आठवडा लागला.

तीन आठवड्यांनी उत्तराचं कार्ड आलं. नमुन्याचं पान पूर्ण कुजलेलं मिळालं, पाकिटातल्या किड्याचा चुरा झाला आहे, निदान करता येत नाही, पुन्हा पाठवावे.

"काका, पान ओलं कशाला केलंत?" मी विचारलं.

"कोरडं पाठवलं असतं तर सुकलं असतं."

"सुकू दे की. त्यांना काय त्यावर जेवायचंय?"

काकांनी कार्ड पुसून खिशात ठेवलं. ते रागवायचे नाहीत, हीच त्यांची मोठी अडचण होती. भांडण करता आलं असतं तर मी निदान मोकळा झालो असतो.

मग मी ठरवलं की आपणच जाऊन फोटो काढायचे. एका सोमवारी स्टुडिओ बंद ठेवून स्कूटरवर निर्मळला गेलो. बारा फोटोंचा मोठा रोल घातला होता, काळा-पांढरा, म्हणजे धुणं-छापणं मला घरीच करता येईल. काकूंनी अंगणात बांबूच्या मांडवावर सुकेळी पसरली होती. त्यांनी आणि काकांनी आपापसात त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी बोलून घेतलं, मला त्यातलं अर्धंच कळलं. माझ्याशी काका नेहमी पुस्तकातल्यासारखं जपून बोलायचे.

वाडीत गेलो तर खोडं चकाचक. काका पहाटेपासून कामाला लागले होते. लोंबणारी वाळकी पानं कापून टाकलेली आणि एकेक खोड ओल्या फडक्याने पुसलेलं.

"हे काय केलंत?"

"खोडातून चिकट पाणी गळतं हो डिंकासारखं," काका म्हणाले. "नाक वाहत असलेल्या पोराचा फोटो तुम्ही तरी काढता का?"

मला ते इतकं पटलं की आज आठवलं तरी लाज वाटते. मी खरंच काढत नसे. आईला सांगायचो, आधी नाक पुसा. मी मान डोलावली आणि अकरा फोटो काढले, वेगवेगळ्या खोडांचे, उजेड बघून, नीट कोन साधून. एक फोटो उरला होता. शेवटच्या ओळीतलं एक झाड पुसायचं राहिलं होतं आणि काका फडकं घेऊन तिकडे निघाले होते. रोल संपवायचा म्हणून मी त्यांना हाक मारली. ते वळले आणि मी बटण दाबलं.

काका चांगलेच खट्टू झाले. अंगात वाडीतला जुना सदरा होता, केळीच्या चिकाच्या काळ्या डागांनी भरलेला. तो डाग जगातल्या कुठल्याही साबणाने जात नाही. काकांनी सगळे उपाय केले असणार. "हा फोटो छापू नका," ते म्हणाले. "मला सांगितलं असतं तर सदरा बदलून आलो असतो." मी शब्द दिला, नाही छापणार.

घरी येऊन रोल धुतला. उरलेल्या अकरांतले तीन निवडले आणि सवयीने निगेटिव्ह टेबलावर घेऊन पेन्सिलीला टोक काढलं. हे आमचं रोजचं काम. चेहऱ्यावरचा तीळ, मुरूम, देवीचा वण निगेटिव्हवर पेन्सिलीने हलकेच भरला की फोटोत नाहीसा होतो. माझा हात त्यात फार चांगला, लग्नाळू मुलींचे बाप विरारहून माझ्याकडे यायचे. खोडांवर बारीक बारीक ठिपके दिसत होते. मी ते बुजवले. ठिपका दिसला की बुजवायचा, एवढंच मला माहीत होतं.

सोबत काकांनी पत्र जोडलं. सुंदर अक्षर. साहेबांची प्रकृती, त्यांच्या घरच्यांची खुशाली, आपला अमूल्य वेळ घेत असल्याबद्दल क्षमा, आणि शेवटच्या ओळीत, 'आमच्या केळींची तब्येत जरा नरम असते.' पत्रकासोबतच्या तक्त्यात 'नुकसानीचे प्रमाण' असा रकाना होता. त्यात काकांनी लिहिलं, 'थोडे.' तोपर्यंत निम्मी वाडी आडवी झाली होती.

"काका, थोडं? अहो, निम्मी झाडं गेली."

"अनोळखी माणसाकडे पहिल्याच पत्रात रडगाणं कशाला?" ते म्हणाले. "त्यांनाही त्यांचे व्याप असतील."

जानेवारी सरता सरता उत्तर आलं. काका ते घेऊन सायकल दामटत माणिकपूरला आले आणि माझ्यासमोर धरलं. चेहरा उजळलेला. साहेबांनी लिहिलं होतं, फोटोतील झाडे निरोगी दिसतात, रोगट झाडांचे फोटो पाठवावेत.

"बघा," काका म्हणाले, "झाडं निरोगी आहेत म्हणतात साहेब."

मी कपाळावर हात मारून घेतला. त्यांना समजावून सांगायला मला अर्धा तास लागला, आणि समजल्यावर ते जसे बसले ते मला बघवेना. त्याच दिवशी मी स्वतः साहेबांना पत्र लिहिलं, खुशाली वगैरे काही नाही. पानं पिवळी पडतात, झाडं कमरेत मोडतात, निम्मी वाडी गेली, होळीला उरलेली उपटणार आहेत, काय ते सांगा. उत्तरासाठी पत्ता माझ्या स्टुडिओचा दिला.

या वेळी पंधरा दिवसांत उत्तर आलं. साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. खोडावर बारीक भोके आहेत काय, त्यातून चिकट डिंक गळतो काय, एवढेच कळवा, आणि असल्यास त्या भागाचा फोटो पाठवा, न धुता, न पुसता. शेवटच्या चार शब्दांखाली रेघ ओढली होती. काका त्या दिवशी बाजारात आले होते म्हणून स्टुडिओत डोकावले. आत एक कुटुंब फोटोसाठी नटून बसलेलं. मी त्यांच्यासमोरच पत्र मोठ्याने वाचलं.

"डिंक येतो की," काका म्हणाले. "मी रोज पुसतो."

माझा तोल गेला. तीन महिन्यांचं साचलेलं सगळं बाहेर पडलं. मी म्हणालो, "तुमच्या त्या फडक्यानेच तुमची वाडी मारली काका. रोगाने नाही. साहेब बघायला बसलेत आणि तुम्ही रोज उठून पुसताय. आता करा नारळ."

फोटोला आलेली माणसं खाली बघायला लागली. काका उठले. स्टुलावर त्यांच्या धोतराची जराशी माती लागली होती, ती त्यांनी हाताने झटकली आणि सायकल घेऊन गेले.

ते कुटुंब गेल्यावर मी शटर ओढून घेतलं आणि निर्मळचा रोल काढून दिव्यासमोर धरला. पेन्सिलीने भरलेले माझे ठिपके एकेक करून दिसले. ती भोकं होती. साहेब विचारत होते तीच भोकं. काकांनी डिंक पुसला हे खरं, पण भोकं काही फडक्याने पुसली जात नाहीत. ती मी पुसली होती, छान हात चालवून. शेवटी बारावी फ्रेम पाहिली. काका फडकं हातात घेऊन वळलेत, आणि त्यांच्या खांद्यामागे ते न पुसलेलं खोड. भोकं दिसतायत, प्रत्येकाखाली डिंकाचा ओघळ. डिसेंबरपासून हे माझ्या खणात पडलं होतं.

शब्द मोडून मी तो फोटो छापला, एकही ठिपका न भरता, आणि त्याच दिवशी रवाना केला. निर्मळला मात्र गेलो नाही. जायला हवं होतं, माफी मागायला हवी होती, निदान 'थांबा, उपटू नका' एवढं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, उत्तर घेऊनच जाऊ, म्हणजे तोंड दाखवता येईल. खरं कारण हे की मला भोकांचं सांगायचं नव्हतं. होळीला अजून तीन आठवडे आहेत, असा मी हिशेब केला.

उत्तर अठराव्या दिवशी आलं. साहेब चक्क आनंदले होते. फोटो उत्तम आहे, असेच फोटो सर्वांनी पाठवावेत. हा व्हायरस नाही. खोड पोखरणारा सोंड्या किडा आहे. बाग उपटू नये. मोडलेली झाडे तेवढी काढून नष्ट करावीत, ताज्या खोडाचे उभे चिरलेले तुकडे वाडीत ठिकठिकाणी पालथे ठेवावेत, वासाने किडे त्याखाली गोळा होतात, रोज सकाळी वेचून मारावेत. कंद वाचतील.

मी स्कूटर कशी हाकली ते मला आठवत नाही. वाडीत शिरलो तर समोर सरळ बावखलाचं पाणी दिसलं. कधी दिसत नसे, मध्ये केळी असायच्या. आता मध्ये काही नव्हतं. कंदांचे खड्डे, आणि एका कडेला जाळलेला ढीग, अजून काळा.

काकू ओट्यावर होत्या. "माणिकपूरहून आले आणि त्याच रविवारी विलासला म्हणाले, कशाला होळीची वाट बघतोस," त्यांनी सांगितलं. "म्हणाले, माझ्याच हाताने गेली ती."

काका आत होते, बाहेर आले. मी पत्र पुढे केलं. त्यांनी हात धुतले, पुसले, मग ते घेतलं आणि उभ्यानेच वाचलं. दोनदा वाचलं. मी त्यांना सगळं सांगून टाकलं, भोकं मी बुजवली होती, पेन्सिलीने, आणि माहीत असूनही तीन आठवडे आलो नाही. बोलताना माझं मलाच ऐकवत नव्हतं.

"तुम्ही तुमचं काम नीट केलंत," काका म्हणाले. "फोटोत डाग ठेवायचे नसतात." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मग त्यांनी काकूंकडून कागद मागून घेतला आणि तिथेच ओट्यावर बसून साहेबांना आभाराचं पत्र लिहिलं. मला वाचायला दिलं. खुशाली, प्रकृती, उपकार, सगळं होतं. शेवटी लिहिलं होतं, 'आपण सांगितल्याप्रमाणे उपाय केला. बाग आता ठीक आहे. काळजी नसावी.' सोबत त्या वर्षीची सुकेळी, वाळक्या पानात बांधलेली.

"काका, हे खोटं आहे," मी म्हणालो.

"त्यांनी इतक्या लांबून जीव लावून शोधून काढलं," काका म्हणाले. "उशीर झाला म्हणून त्यांना का वाईट वाटू द्यायचं?"

मी ते पत्र टपालात टाकलं. दुसरं काय करणार होतो?

विलासने नारळ लावले. काका त्यांनाही पाणी घालायचे, पण त्यांचं मन रमलं नाही. माझ्याकडे येत राहिले, केळीचा विषय दोघांनीही कधी काढला नाही. दहाएक वर्षांनी ते गेले, झोपेतच. विलास माझ्याकडे आला, भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा होता. पासपोर्टचा नको म्हणाला, त्यात बाबा बाबांसारखे दिसत नाहीत. मी खणातून तो रोल काढला आणि बारावा फोटो कॉम्प्युटरवर घेऊन त्याला दाखवला. एव्हाना सगळं कॉम्प्युटरवर आलं होतं. फडकं हातात, मान वळलेली, काय म्हणता असं विचारणारे डोळे, आणि मागे ते खोड.

विलासने खुर्ची पडद्याजवळ ओढली. राजेळीचं झाड त्यानेही दहा वर्षांत पाहिलं नव्हतं. "हाच द्या," म्हणाला. मग पडद्यावर बोट ठेवून त्याने विचारलं, "सदऱ्यावरचे हे डाग तेवढे काढता येतील ना? बाबांना आवडलं नसतं."

दोन मिनिटांचं काम होतं.

"नाही," मी म्हणालो, "ते निघत नाहीत."